खुर्चीवरची आदोळी

आईला डॉक्टरांनी जमिनीवर बसणं बंद करायला सांगितलं आणि घरातलं पहिलं काम अडलं ते नारळ खवायचं. दोन्ही गुडघे झिजलेले. बाकी सगळ्याला काही ना काही वाट सापडली. देवासमोरचा पाट जाऊन तिथे स्टूल आलं, तांदूळ निवडायला जेवणाचं टेबल झालं. पण आदोळी पडली जमिनीवरची. घाटावर जिला विळी म्हणतात ती आमची आदोळी: फणसाची जाड फळी, तिच्यावर वाकडं पातं आणि पात्याच्या टोकाला दातेरी खवणी. फळीवर बसायचं, नारळाचं भकल दोन्ही हातांत धरून खवणीवर दाबत फिरवायचं, खाली ताटात सोय पडते. खवलेल्या नारळाला आमच्याकडे सोय म्हणतात.

आईचं वय तेव्हा ७४. रोज एक नारळ, सणाला चार-पाच, असं जवळजवळ साठ वर्षं तिने केलेलं. हात अजून शाबूत होते. हात चालत असताना काम हातातून गेलं हे तिला फार लागलं. तोंडाने बोलली नाही. माझी बायको खवायला बसली की आई दारात उभी राहून बघायची, आणि ताट वर आलं की दोन बोटांनी सोय चाचपून पुन्हा खाली ठेवायची. मला ते बघवेना.

मेव्हण्याने बाजारातली फिरवायची खवणी आणून दिली. खाली रबराचा चोषक, वर दातेरी गोळा, बाजूला हँडल. आमचा ओटा जुन्या कडप्प्याचा आहे, गुळगुळीत नाही. चोषक दोन मिनिटं धरतो आणि सुटतो. त्यात एका हाताने भकल धरायचं आणि दुसऱ्याने हँडल फिरवायचं, म्हणजे धरणाऱ्या हातावर सगळा ताण. शिवाय गोळा आत फिरत असतो, तो कुठवर खरवडतोय ते दिसत नाही, आणि करवंटीजवळची तपकिरी साल सोयीत उतरते. आदोळीवर खवणाऱ्या बाईला पांढरं कुठे संपलं ते हातालाच कळतं. सोलकढीला आणि हुमणाला, म्हणजे माशांच्या आमटीला, लागणारा नारळाचा रस पांढरा यायला हवा असेल तर हे कळणं फार महत्त्वाचं. आईने चार दिवस प्रयत्न केला, मग ती वस्तू धुऊन, पुसून, खोक्यात घालून मेव्हण्याला द्यायला माझ्या हातात ठेवली.

मी फिटर. आयटीआय करून गोव्यात मांडवीच्या काठावर बार्ज, म्हणजे खाणीचं खनिज वाहणाऱ्या बोटी, दुरुस्त करायच्या कामाला लागलो, तिथेच चोवीस वर्षं गेली. २०१२च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, नदीतल्या बार्जी उभ्या राहिल्या, आणि आम्ही घरी बसलो. मग घरामागे पत्र्याची शेड घालून ग्रील, गेट, टाकीचे स्टँड अशी कामं घ्यायला लागलो. डिचोली तालुक्यात माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. हाताला पाण्याखालच्या प्रोपेलर शाफ्टची सवय, आणि समोर खिडकीचं ग्रील.

आदोळीच्या आधी मी एक वस्तू केली होती, ती सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. आमच्या वाड्यावरच्या मंडळाच्या खोलीत पावसाळाभर कॅरम चालतो. खोलीची जमीन उंचसखल. चार पायांच्या स्टँडचा एक पाय कायम अधांतरी, त्याखाली पुठ्ठ्याची घडी, आणि सोंगट्या आपोआप एका कोपऱ्याकडे ओढल्या जायच्या. तीन पाय कसल्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात, हे कारखान्यात रोजचं. म्हणून मी तीन पायांचं स्टँड केलं, प्रत्येक पायाला खालून १० एमएमचा बोल्ट, बोल्ट फिरवला की पाय वर-खाली. लेव्हल लावून बोर्ड इतका सपाट केला की मधोमध ठेवलेली काचेची गोटी जागची हलेना. सगळे खूश. त्याच संध्याकाळी एक पोरगा लांबची राणी घ्यायला कोपऱ्यावर कोपर टेकून रेलला आणि अख्खा बोर्ड त्याच्या मांडीवर आला. बोर्ड चौकोनी आणि पाय तीन, तेव्हा कुठला तरी कोपरा बिनआधाराचा राहणार हे मला पहिल्या रेघेपासून दिसत होतं. रिकाम्या बोर्डाला ते चालतं. खेळणारा माणूस रेलतो, हे मी धरलंच नव्हतं. पुढे चौथा पाय लावला: आधी तिघांवर लेव्हल करायची, मग चौथ्याचा बोल्ट जमिनीला लागेपर्यंत खाली आणायचा. ते स्टँड आजही चालू आहे.

आणि एवढं होऊनही आदोळीच्या वेळी मी तीच चूक केली.

पहिला नमुना मी ओट्याला लावायचा केला. लोखंडी शिकंजा, त्यावर उभी मान, मानेच्या टोकाला जुन्या आदोळीसारखी खवणी. ओट्याच्या कडेला घट्ट पकडला, स्वतः एक नारळ खवून बघितला, झकास. आईला बोलावलं. ती उभी राहिली, भकल खवणीवर ठेवलं, आणि तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले. माझी उंची पावणेसहा फूट, तिची पाच फुटांना थोडी कमी. खवणी माझ्या कोपराच्या खाली होती आणि तिच्या छातीशी. शिवाय नारळ संपेपर्यंत उभं राहायचं म्हणजे पुन्हा गुडघ्यांवरच. तिने भकल खाली ठेवलं आणि विचारलं, "पुता, हें म्हजे खातीर केलां काय तुजे खातीर?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यानंतर मी पंधरा दिवस काहीच बनवलं नाही, नुसतं बघितलं. बायको खवायला बसली की समोर बसायचो. खवताना किती जोर लागतो ते मोजायला घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवला, त्यावर एका जड ठोकळ्याला खवणी पक्की केली आणि बायकोला शेजारच्या पाटावरून खवायला लावलं. ठोकळ्याचं वजन वजा करून काटा दर दाबाला ६-७ किलो दाखवत होता, शेवटी शेवटी, करवंटीच्या कडेला, थोडा जास्त. ७ किलो म्हणजे फार नव्हे, पण एका नारळाला तो जोर शेकडो वेळा लागतो. एवढ्याने चोषक सुटणारच.

मग आदोळी का हलत नाही? तिला ना शिकंजा, ना चोषक, ना बोल्ट. याचं उत्तर मला शेडमध्ये नाही, जेवताना सापडलं. बाई ज्या फळीवर बसते, तिच्यावरच खवणी आहे. ती भकल खाली दाबते तेव्हा तेवढं वजन तिच्या बसण्यातून कमी होतं आणि खवणीवर जातं. फळीवरचा एकूण भार तोच राहतो. दाबणारी आणि धरून ठेवणारी एकच. ज्याने कोणी पहिल्यांदा बसायची फळी आणि पातं एकत्र केलं त्याने शिकंजा लावलाच नाही, कारण बाईचं स्वतःचं वजन हाच शिकंजा. मला ते सोडायचं नव्हतं. जमीन सोडायची होती, वजन नाही.

तेव्हा ठरलं: फळी खुर्चीवर. आई खुर्चीत बसेल, फळी तिच्या मांड्यांखाली असेल, आणि फळीचं पुढचं टोक दोन गुडघ्यांच्या मधून बाहेर येईल.

नवी खवणी आखण्याआधी मी जुन्या खवणीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. दात मोजायचे होते, एवढाच हेतू. एकोणीस दात उमटले. कागद उजेडात धरला तर दिसलं की उजवीकडचे आठ-नऊ दात धारदार त्रिकोणासारखे उमटलेत, मधले बोथट, आणि डावीकडचे चार तर नुसत्या लाटा. ही आदोळी आईने तीस वर्षं एकटीने वापरलेली. म्हणजे तिचा जोर सगळा डाव्या अंगाला. तिला विचारलं तर म्हणाली, मी तर सरळच खवते. दुसऱ्या दिवशी तिला पलंगाच्या कडेला बसवून हातात रिकामी करवंटी दिली आणि खवायची नुसती क्रिया करायला सांगितली. उजवं मनगट आत वळत होतं, डावा हात मागे राहत होता. उजव्या मनगटाला पूर्वी कधीतरी दुखापत झालेली, ती विसरूनही गेली होती. दातांना सगळं लक्षात होतं.

म्हणून नव्या खवणीचं तोंड मी सरळ ठेवलं नाही. मानेवर १२ अंश डावीकडे वळवलं. कागदावर बघायला विचित्र दिसतं.

खुर्चीने पुष्कळ छळलं. आमच्याकडे सगळ्यांच्या घरी असते ती हातांची प्लास्टिकची खुर्ची. तिची बैठक मध्ये खोलगट, म्हणून सपाट फळी डुलते. फळीखाली आडव्या दोन पट्ट्या मारल्या, एक पुढे, एक मागे, आणि पट्ट्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर. डुलणं थांबलं. मग खुर्चीचे हात आडवे यायला लागले. खवताना कोपरं बाहेर फाकतात, ती हातांना आपटायची. मान पुढे नेल्याशिवाय उपाय नव्हता. बैठकीच्या कडेपासून १६ सेंटीमीटर पुढे आणली तेव्हा कोपरं सुटली. पुढे नेली की फळी पुढून खाली जायला बघते, म्हणून मागची लांबी वाढवली. शेवटी फळी ५५ सेंटीमीटर लांब, २२ रुंद, पाऊण इंच जाडीची ठरली. खवणीचं टोक बैठकीपासून ११ सेंटीमीटर वर. हे ११ सहज आलं नाही. ६ला आई वाकायची आणि रात्री पाठ धरायची, १५ला पुन्हा खांदे वर. दर वेळी मान कापून नवी जोडली. आईला मी सांगून ठेवलं होतं की माझं मन राखायला चांगलं म्हणायचं नाही. तिने ते तंतोतंत पाळलं.

सोय पडायला ताट कुठे ठेवायचं हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. जमिनीवरच्या आदोळीचं ताट जमिनीवर असतं, खवणीच्या जवळ. खुर्चीवरून जमिनीवरच्या ताटात सोय पडायला गेली की अर्धी साडीवर आणि पंखा चालू असेल तर उरलेली घरभर. मानेला खालून ६ एमएम सळईची गोल कडी जोडली आणि तिच्यात बसेल असं स्टीलचं पसरट भांडं शोधून काढलं. भांडं खवणीच्या चार बोटं खाली. आई म्हणाली, हे बरं झालं, आता ताट ओढायलाही वाकावं लागत नाही.

पातं मी काढून टाकलं. फक्त खवणी ठेवली. यावर आमचा वाद झाला. आदोळीवर आई मासळी कापायची, भाजी चिरायची, कच्ची केळी सोलायची. पातं नसलेली आदोळी म्हणजे तिच्या दृष्टीने अर्धी आदोळी. माझं म्हणणं, जमिनीवर बसलेल्या माणसाचा तोल जात नाही, खुर्चीवरच्या माणसाचा जाऊ शकतो, आणि दोन मांड्यांच्या मध्ये उघडं पातं मी देणार नाही. यात मी हटलो नाही. मासळी आता बायको सुरीने कापते. आई अजून म्हणते की सुरीने कापलेल्या इसवणाचे तुकडे सारखे येत नाहीत, आणि तिचं खरं आहे.

आता पोलादाची गोष्ट. इथे मला लाज वाटावी असं घडलं, म्हणून ती नीट सांगतो.

पहिली खवणी साध्या लोखंडी पत्र्याची केली. जून महिना. रात्री धुऊन ठेवली, सकाळी दातांवर तांबूस पूड, आणि पहिल्या दोन मुठी सोय करडी. जुनी आदोळीही लोखंडाचीच होती, पण ती रोज तेलाच्या बोटांनी पुसलेली, वर्षानुवर्षांचा काळा थर चढलेला. नवीन लोखंडाला तो थर यायला वेळ लागतो आणि गोव्याचा पावसाळा तेवढा वेळ देत नाही. मग स्टेनलेस घेतलं, ३०४ नंबरचं, भांड्यांना वापरतात ते. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, गंजत नाही. पण ते पाणी देऊन कडक होत नाही. कानशीने अर्धा दिवस बसून दात काढले, आणि महिन्याभरात ते बोथट. भकल घसरायला लागलं. धार असलेल्या खवणीपेक्षा बोथट खवणी जास्त धोक्याची, कारण माणूस जोर वाढवतो.

स्टेनलेसमध्ये कडक होणारा प्रकार म्हणजे ४२०. क्रोमियम १२ ते १४ टक्के, निकेल जवळजवळ नाही, कार्बन जास्त. सुऱ्या याच्या करतात. हजार अंशांच्या आसपास तापवून विझवलं की कडक होतं. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या एका टूलरूममध्ये मी चार तुकडे कडक करून आणले, दात आधीच काढलेले. घरी येऊन त्यातला एक मानेला वेल्ड केला. चोवीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. कडक केलेल्या ४२०ला नुसतं वेल्ड करून सोडलं की जोडाच्या कडेला ते काचेसारखं ठिसूळ होतं, बारीक तडे जातात, आणि ते तडे डोळ्यांना दिसत नाहीत. मी घाई केली. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आली होती आणि नेवऱ्यांचं सारण आईनेच खवलेल्या नारळाचं व्हावं असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी आईने मला हाक मारली. भांड्यातली सोय तिने ताटात पसरली होती, नेहमीसारखी दोन बोटांनी चाचपत होती. बोटांच्या मध्ये तिने काहीतरी धरलं होतं. तांदळाच्या कणीएवढा तुकडा, एका बाजूला चकचकीत, दुसऱ्या बाजूला राखाडी दाणेदार. खवणीच्या खालच्या कडेचा एक दात, जोडाजवळचा. ती म्हणाली, "हें कितें?" मी ते हातात घेतलं आणि मला बोलता येईना. घरात तेव्हा माझी चार वर्षांची नात होती.

ती सगळी सोय टाकली. उरलेले तीन तुकडे मी त्या दिवशीच बाजूला केले आणि ठरवलं की खवणी कुठेही वेल्ड करायची नाही. आता मानेला एक सपाट जीभ आहे, तिच्यावर खवणी बसते, मधून एकच ६ एमएमचा स्टेनलेस बोल्ट. नेट बसलेली आहे की नाही ते हलवून कळतं. प्रत्येक नवी खवणी मी आधी लाकडी ठोकळ्यावर हातोड्याने ठोकून, भिंगाखाली बघून, मग देतो. बोल्ट लावल्यावर नवीन अडचण: जीभ आणि खवणी यांच्या फटीत नारळाचा रस शिरायचा आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास. म्हणून खवणी रोज सोडवून धुता यायला हवी. पंखांचा नट लावला तर आईच्या बोटांना तो सुटेना. नटाला बोटभर लांबीचा आडवा दांडा वेल्ड केला, तो तळहाताने ढकलला की सुटतो. हा दांडा सगळ्यांना आवडला. पुढे ज्या बायकांनी आदोळी वापरली त्यांनी तिच्यात सगळ्यात आधी त्याचंच नाव घेतलं, ज्याला मला दहा मिनिटंही लागली नव्हती.

आईची आदोळी झाल्यावर वाड्यावरच्या तिघींना मी आठ-आठ दिवस वापरायला दिली. एक एकटी राहणारी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. एक देवळातल्या महाप्रसादाचं बघणारी, तिला एका बैठकीत तीस-चाळीस नारळ लागतात. तिसरी डावखुरी. डावखुरीने दुसऱ्याच दिवशी परत आणून दिली. आईच्या मनगटासाठी वळवलेले १२ अंश तिला उलटे पडत होते. मग मी खवणी हवी तशी वळवता येईल असा सांधा केला, तो पाच नारळांत ढिला झाला. आणखी घट्ट केला, मग वळेना. शेवटी तीन जिभा केल्या: सरळ, डावी, उजवी. माणसाला खवताना बघायचं आणि कुठली द्यायची ते ठरवायचं. देवळातल्या बाईंनी मात्र खुर्ची नको म्हणून सांगितलं. त्यांना बाकावर बसायचं होतं, कारण चाळीस नारळांची भकलं हाताशी लागतात, आणि ती दोन्ही बाजूंना ठेवायला जागा हवी. त्यांच्यासाठी मागच्या पट्टीला एक लांब पट्टा दिला, बाकाच्या फळीखालून आवळायचा.

सगळे म्हणायला लागले, पेटंट घे. मीही त्या नादात होतो. पणजीतल्या एका पेटंट सल्लागार बाईंकडे गेलो. त्यांनी पैसे घेण्याआधी सगळं समजावून दिलं, त्याबद्दल त्यांचे उपकार. गोव्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, ऑनलाइन भरता येतात. एकट्या माणसाने ऑनलाइन केलेल्या अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये. वस्तू पूर्ण तयार नसेल तर आधी प्रोव्हिजनल अर्ज करून तारीख पकडता येते, मग १२ महिन्यांच्या आत संपूर्ण वर्णन द्यावं लागतं. अर्ज केला म्हणजे पेटंट मिळालं असं नाही. तपासणीसाठी वेगळा अर्ज, वेगळी फी, मग हरकती, उत्तरं. मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, दरम्यान ठरावीक काळाने नूतनीकरणाचे पैसे.

मग त्यांनी विचारलं, ही वस्तू कुणाला दाखवली आहे का? मी अभिमानाने सांगितलं, चवथीच्या बाजारात स्वयंसाहाय्य गटाच्या स्टॉलवर दोन ठेवल्या होत्या. त्या गप्प झाल्या. अर्जाआधी वस्तू चारचौघांत आली की तिचं नवेपण जातं. प्रदर्शनात मांडलेल्याला कायद्यात सूट आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात तसं जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरतीच. चवथीचा बाजार त्यात येत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी काही बनवत असेल तर एवढं ध्यानात ठेवा: आधी अर्ज, मग स्टॉल. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वापरायला द्यायची असेल तर तेही आधी विचारून घ्या.

पण खरी अडचण त्याच्याही मागची होती. त्यांनी मला घरी बसून शोधायला सांगितलं. पेटंट कार्यालयाची शोधायची साइट फुकट आहे, स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा वर्गही ठरलेला आहे. माझ्या पुतणीने मला दोन रविवार मदत केली. पेटंटं सापडली ती सापडली, पण त्याहून मोठं काहीतरी दिसलं. केरळात चिरवा असतो: लाकडाची ठेंगणी बैठक, पुढे जीभ, तिच्यावर दात, आणि माणूस तिच्यावर बसूनच खवतो. थायलंडमध्ये तशाच वस्तूला ससा म्हणतात आणि लाकूड सशाच्या आकाराचं कोरतातही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, स्वाहिली बोलणाऱ्यांच्या घरात, तिला बकरी म्हणतात, म्बुझी. फिलिपिन्समध्येही आहे. जिथे जिथे नारळ, तिथे तिथे कुणीतरी फळीवर बसलं आहे आणि स्वतःच्या वजनाने खवणी धरून ठेवली आहे. मला जेवताना सुचलेलं या सगळ्या किनाऱ्यांवर आधीच सुचलेलं होतं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. चार दिवस शेडमध्ये गेलो नाही. सल्लागार बाईंनी सांगितलं की भारताच्या पेटंट कायद्यात, १९७०च्या, कलम ३मध्ये काय शोध धरत नाहीत त्याची यादी आहे. परंपरेने चालत आलेलं ज्ञान त्यात आहे, आणि माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडणंही आहे, जर प्रत्येक वस्तू पूर्वीचंच काम आपापलं करत असेल तर. फळी जुनी, खवणी जुनी, खुर्ची जुनी, कडी जुनी. राहता राहिला तो १२ अंशांचा कोन, आणि तो माझ्या आईच्या मनगटाचा. स्टॉलवर मांडण्याआधी डिझाइन नोंदवता आलं असतं, ते १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं मिळतं, पण ते दिसण्यापुरतं, कामापुरतं नाही. आणि माझ्या आदोळीचं दिसणं काही राखून ठेवावं असं नाही. मी अर्ज केला नाही. मला तो निर्णय बरोबर वाटतो. ज्यांची वस्तू खरोखर नवी आहे त्यांनी मात्र जरूर करावा, १,६०० रुपये फार नाहीत.

मापं मी कुणालाही देतो. वर लिहिली आहेत ती चालतात, पण खवणीची उंची बसणाऱ्याच्या कोपरावरून ठरवा: खुर्चीत बसून हात सैल सोडून कोपर काटकोनात वळवलं की कोपराच्या थोडं खाली खवणीचं टोक यावं. फळी फणसाची किंवा सागाची घ्या, प्लायवूड ओलाव्याने फुगतं. मोकळ्या वेळी खवणीवर घालायला जुन्या रबरी पाइपाचा उभा चिरलेला तुकडा हवाच हवा, घरात लहान मूल असो वा नसो. आतापर्यंत मी अकरा केल्या. त्यातली एक परत आली, त्या बाईंना खुर्चीवर बसून स्वयंपाकाचं काम करणंच पटलं नाही.

आई आता सकाळी चहा झाला की मागच्या पडवीत खुर्ची ओढते, फळी ठेवते, बसते, नारळ माझ्याकडून फोडून घेते. एका नारळाला तिला बारा-तेरा मिनिटं लागतात. पूर्वी आठ लागायची. बायको सोय न्यायला आली की आई अजून ताट चाचपते, पण आता आपलंच.

गेल्या महिन्यात खवणी धार लावायला सोडवली. वर्ष झालं होतं. कानस हातात घेण्याआधी आठवण झाली, तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. मग जुना कागद शोधला आणि दोन्ही खिडकीच्या काचेला चिकटवून बघितले. जुन्यावर डावीकडच्या लाटा. नव्यावर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सगळे दात सारखेच थोडे थोडे गोलावलेले. आईला दाखवले. तिने चष्मा लावून दोन्ही कागद बघितले आणि म्हणाली, मी तुला सांगितलं होतं ना, मी सरळच खवते.

दोन्ही कागद फाइलीत ठेवलेत. नव्यावर तारीख घातली, आणि मग दातांना धार लावली.